मूठ, कव आणि विळखा

व्यायाम करणाऱ्या तरुणांकडून हल्ली एक तक्रार सर्रास ऐकू येते. जमिनीवरची जड लोखंडी दांडी उचलताना, म्हणजे डेडलिफ्ट करताना, पाठ दमत नाही, मांड्या दमत नाहीत. त्याआधी हात सुटतो. पुल-अपचेही तेच. दंडात आणि पाठीत अजून दोन-तीन वेळा वर जाण्याइतका दम शिल्लक असतो, पण बोटे उघडतात आणि माणूस खाली येतो. मग कोणी मनगटाला पट्टे बांधून दांडी त्यांत अडकवतो, कोणी स्प्रिंगचा चिमटा खिशात बाळगून बसमध्ये, कट्ट्यावर, टीव्हीसमोर दाबत बसतो. पट्ट्यांनी वजन उचलले जाते, पण पकड होती तिथेच राहते. चिमट्याने मूठ आवळण्याची ताकद थोडी वाढते, पण दांडीला लोंबकळल्यावर तिचा अपेक्षेइतका उपयोग होत नाही. असे का होते, हे शोधत मी जुन्या आखाड्यांच्या वाङ्मयाकडे वळलो आणि तिथे या प्रश्नाचा विचार बराच पुढे गेलेला आढळला.

आधी भाषेकडे पाहू. जिममध्ये सगळ्याला मिळून 'ग्रिप' हा एकच शब्द पुरतो. मराठीला तो पुरत नाही. आपण कुदळ मुठीत धरतो, मीठ चिमटीत धरतो, झाडाचा बुंधा कवेत घेतो आणि वेल फांदीला विळखा घालते. मूठ, चिमूट, कव, विळखा. शरीराने काही धरून ठेवण्याच्या या चार वेगळ्या रीती आहेत आणि प्रत्येकीत वेगळे स्नायू कामाला लागतात. इंग्लंडमधील शरीररचनातज्ज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ साली हाताच्या धरण्याचे दोन मुख्य प्रकार मांडले : बळाची पकड आणि नेमकेपणाची पकड. आपल्या मूठ आणि चिमूट या शब्दांशी ते बरेचसे जुळतात. कव आणि विळखा त्यांच्या विषयात येत नव्हते, कारण ते केवळ हाताबद्दल लिहीत होते. आखाडा संपूर्ण शरीराबद्दल विचार करत होता.

हाताची रचना इथे थोडक्यात सांगायला हवी, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. बोटे मिटणारे बळकट स्नायू बोटांत नसतातच. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि तिथून लांब दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटाच्या अरुंद बोगद्यातून बोटांच्या टोकांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीची बोटे जशी वरून ओढलेल्या दोऱ्यांनी हलतात, तशी आपली हलतात. म्हणून दांडीला लटकल्यावर दुखतो तो कोपराखालचा भाग. करंगळी एकटी मिटून पाहा. शेजारचे अनामिकेचे बोटही खाली येऊ लागते, कारण बोटांची टोके मिटणाऱ्या खोल स्नायूचा बराच भाग या बोटांत सामाईक आहे. आणखी एक प्रयोग. मनगट आतल्या बाजूला पूर्ण दुमडून मूठ आवळा. जोर लागत नाही. आता मनगट किंचित मागे झुकवून आवळा. जोर एकदम वाढतो. मनगट आत दुमडले की बोटे मिटणारे स्नायू आखडून ढिले पडतात आणि बोटे उघडणाऱ्या कंडरा ताणल्या जातात. कुस्तीत समोरच्याचे मनगट वाकवून त्याची पकड सोडवतात ती याच न्यायाने. आणि मनगट पकडले गेले तर सोडवणारा अंगठ्याच्या दिशेने हात काढून घेतो, कारण चार बोटांच्या भिंतीला अंगठा हे एकच दार आहे.

आता इतिहास. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकीच्या प्रकरणांत मल्लांच्या तयारीचे वर्णन आहे आणि तिथे मल्लांच्या निरनिराळ्या श्रमांची नावे दिली आहेत. त्यांतले दोन आपल्या कामाचे : भारश्रम, म्हणजे वजनाने केलेला व्यायाम, आणि स्तंभश्रम, म्हणजे खांबावर केलेला. जिममधल्या दांडीची आणि वर टांगलेल्या बारची ही जोडगोळी नऊशे वर्षांपूर्वी या दख्खनच्या पठारावर मल्लाच्या दिनक्रमात होती, असे म्हणायला हरकत नाही. मात्र यापुढे जाऊन 'डेडलिफ्ट आमचीच' असे म्हणणाऱ्यांत मी नाही. जड वस्तू जमिनीवरून उचलणे ही कोणत्याही एका मुलखाची मालमत्ता नव्हे.

स्तंभश्रमाचा मल्लखांब झाला तो मात्र आमच्या जिल्ह्याशी जोडलेल्या एका माणसामुळे. निफाड तालुक्यात गोदावरीकाठी कोठुरे नावाचे गाव आहे. बाळंभटदादा देवधर मूळचे तिथले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या हैदराबादेकडून अली आणि गुलाब हे दोन पहिलवान पुण्याच्या दरबारात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या मल्लांना आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले, काही दिवसांची मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगगडावर जाऊन देवीची उपासना केली. तिथे मारुतीने दृष्टान्त देऊन लाकडी खांबावरचे डाव शिकवले, अशी आख्यायिका आहे. परत येऊन त्यांनी अलीला हरवले आणि गुलाबने माघार घेतली, असे सांगतात. १८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्तास गेले, त्यांच्यासोबत बाळंभटही गेले, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतून ही विद्या काशी, बडोदे अशी पसरली.

दृष्टान्ताचा भाग श्रद्धेचा आहे, तो मी तसाच ठेवतो. अभ्यासकाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कुस्तीची तयारी करायला एकट्या माणसाला जोडीदार लागतो, आणि गडावर जोडीदार नव्हता. खांब हा जोडीदाराच्या जागी आला. तो हलत नाही, दमत नाही, कंटाळत नाही. त्याच्या भागांची नावेही माणसाच्या अंगावरून आली आहेत. खालचा जाड भाग ते अंग, वरची बारीक ती मान, आणि तिच्यावर बोंड. खांबाला एरंडेल तेल लावतात. त्याने कातडी सोलत नाही हे खरेच. पण घामाने निथळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे अंगही असेच निसटते, हे कुस्तीगिराला सांगावे लागत नाही.

इथून मल्लखांबाची खरी शिकवण सुरू होते. पुरलेल्या मल्लखांबाचा तळाशी घेर साधारण ५५ सेंटिमीटर असतो, वर तो निमुळता होत जातो. प्रौढ पुरुषाच्या हाताची मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी १८-१९ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एक तळवा पूर्ण पसरून खांबाला चिकटवला तरी त्याचा तिसराच हिस्सा झाकला जातो. बोटे त्याभोवती मिटणे शक्यच नाही. वर तेल. तरीही दहा-बारा वर्षांचे पोर त्यावर चढते, उलटे होते, एका मांडीच्या बळावर आडवे राहते. ते कशाच्या जोरावर? दाबाच्या. दोन्ही बाजूंनी दाबले की घर्षण निर्माण होते, आणि हा दाब बोटांतून येत नाही. तो दंड, खांदे, छाती आणि मांड्यांतून येतो. ही कव. मल्लखांबाचा ओनामा म्हणजे अढी : हातांनी खांब धरून पाय वर फेकायचे आणि डोके खाली असताना मांड्यांनी खांब आवळायचा. ज्या व्यायामप्रकाराची ख्याती पकडीसाठी आहे, त्याचा पहिला धडा मांड्यांचा असावा हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे तेढी, बगली, दसरंग, फिरकी असे करत शरीराचा प्रत्येक सांधा धरायला शिकतो. बगल धरते, गुडघ्याची लवण धरते, पोट धरते.

दोरीचा मल्लखांब याच्या अगदी उलट. पूर्वी तो वेताचा असे. चांगला वेत मिळेनासा झाल्यावर सुती दोरी आली. वर टांगलेली, बोटाएवढी जाड, कुठेही गाठ नाही. तिला कव घालता येत नाही. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचकीत पायाने ती चिमटावी लागते आणि मग अंगाभोवती वेढे घ्यावे लागतात. वेढ्याचे गणित थक्क करणारे आहे. विहिरीवर जड बादली सोडताना दोराचे दोन वेढे खुंटाला दिले की एका हाताने ती धरता येते, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने धरण्याची ताकद साडेसहा पट होते आणि दोन वेढ्यांनी चाळीस पटींहून अधिक. वेढे वाढतील तशी ती बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. म्हणून दोरीवर आसन लावून बसलेली मुलगी शांत दिसते. तिच्या बोटांवर तिचे वजन नसतेच, ते विळख्यावर असते. बोटे फक्त शेवटचे टोक सांभाळतात. दोरीवर मुलींनी नाव काढले त्याची कारणे सामाजिक आहेत, पण यांत्रिकदृष्ट्याही दोरी मनगटाच्या जाडीपेक्षा शरीराच्या शहाणपणाला अधिक मानते.

बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला, त्याचे प्रकाशन १९३६ पासून सुरू झाले. एका माणसाच्या आयुष्यभराच्या ध्यासातून उभे राहिलेले हे काम आज किती व्यायामशाळांच्या कपाटात आहे, याची मला शंका आहे. त्याच १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली. तेव्हापासून मल्लखांब बहुतेकांना ठाऊक आहे तो 'प्रात्यक्षिक' म्हणून : प्रजासत्ताक दिनाचे मनोरे, पाहुण्यांसमोरच्या कसरती, टाळ्या. राज्यक्रीडेचा दर्जा त्याला पहिल्यांदा दिला तो मध्य प्रदेशाने, २०१३ साली. हेही नोंदवून ठेवतो. नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या जुन्या संस्थांत आजही मुले खांबावर चढतात. पण शेजारच्या जिममधला तरुण, ज्याचा हात दांडीवरून सुटतो, त्याला या खांबाशी आपला काही संबंध आहे असे वाटत नाही. हे तुटलेपण मला जास्त सलते.

संबंध कसा आहे ते पाहू. जिममधली वजनाची दांडी २८-२९ मिलिमीटर जाड असते, गोल, आणि फिरणारी. १२० किलो उचलताना प्रत्येक हातावर ६० किलो येतात. दोन्ही तळवे आपल्याकडे करून धरले की दांडी बोटांच्या टोकांकडे घरंगळू लागते. तिला अडवायला अंगठा एकटा उरतो. अनेकजण दांडी तळहाताच्या मधोमध घट्ट धरतात. वजन आले की ती खाली बोटांच्या मुळाशी सरकतेच, सरकताना कातडीची घडी चिमटते आणि घट्टा फाटतो. म्हणून सुरुवातीलाच ती बोटांच्या मुळाशी धरावी. एक तळवा पुढे आणि एक मागे केला की घरंगळणे एकमेकांविरुद्ध जाऊन थांबते, पण पुढे वळलेल्या हाताच्या दंडाच्या कंडरेवर ताण येतो, म्हणून ती रीत शेवटच्या जड उचलीपुरती ठेवावी. अंगठा दांडीभोवती घालून त्यावर बोटे मिटण्याची तिसरी रीत दुखते, पण सुटत नाही. ऑलिंपिकमधले वजन उचलणारे तीच वापरतात. मनगटाचे पट्टे वर्ज्य नाहीत. आधी हलक्या आणि मध्यम उचली पट्ट्याविना कराव्यात, पाठीला अधिक काम द्यायचे असेल तेव्हा ते बांधावेत, एवढेच.

स्प्रिंगचा चिमटा का कमी पडतो, तेही आता स्पष्ट होते. तो मूठ मिटायला शिकवतो. दांडीवर मूठ आधीच मिटलेली असते. तिचे काम उघडू न देण्याचे असते, आणि तेही वेळभर. ताकद ज्या रीतीने कमवाल त्याच रीतीने ती मुख्यतः वाढते. जेजुरीला दसऱ्याच्या मर्दानी उत्सवात ४२ किलोचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची स्पर्धा होते. पानसे सरदारांनी देवाला वाहिलेली ती तलवार. तिथे कोण किती आवळतो हे कोणी मोजत नाही, कोण किती वेळ धरतो हे मोजतात. पुल-अपसाठी पकड हवी असेल तर नुसते लटकावे. पहिल्यांदा दहा-पंधरा सेकंद, तीन-चार वेळा, मध्ये पुरती विश्रांती. काही आठवड्यांत वेळ वाढवत मिनिटापर्यंत न्यावी. खांदे कानांपर्यंत सैल सोडू नयेत, किंचित खाली ओढून ठेवावेत. मग दांडीवर जाड पंचा टाकून त्याची दोन टोके धरून लटकावे : दांडीचा मल्लखांब झाला, किंवा दोरीचा, जसे पंचा पिळाल तसे. जाडी बदलली की तेच बोट नव्याने शिकते. दोन हातांत दोन जड बादल्या घेऊन अंगणाच्या दहा फेऱ्या माराव्यात. ज्या पिढीने आडावरून पाणी वाहिले तिला हा व्यायाम वेगळा शिकवावा लागला नाही.

गदेचे आणि करेलाचे काम आणखी वेगळे. गदेचे वजन दांड्याच्या टोकाला असते. पाच किलोचा गोळा मीटरभर दांड्याच्या टोकाला आडवा धरला की मनगटावर येणारा पीळ हातातल्या पाच किलोच्या डंबेलच्या कित्येक पट असतो. शंका असेल तर फावडे दांड्याच्या अगदी टोकाशी धरून एका हाताने आडवे उचलून पाहावे. गदा फिरवताना मुठीला क्षणाक्षणाला सैल आणि घट्ट व्हावे लागते. सतत आवळून ठेवणारा दोन मिनिटांत दमतो. कुस्तीच्या खडाखडीत वस्ताद पोरांना हेच सांगतात, हात ढिला ठेव. नेमक्या क्षणी आवळणे हीही पकडच.

घाई मात्र इथे महाग पडते. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, कंडरांना कित्येक महिने लागतात, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी. मध्यंतरीच्या काळात स्नायू ओढतो आणि कंडरा सोसत नाही, मग कोपराची आतली बाजू ठणकू लागते. आठवड्यातून दोन-तीन दिवस पकडीचे खास काम पुरे. मिटण्याइतकेच उघडण्याचेही करावे : पाचही बोटांवर रबरबँड चढवून ती फाकवावीत. नाशिकच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या छाटणीला दिवसभर कात्री चालवणाऱ्या बायांची मूठ कोणत्याही जिमच्या पोराला लाजवील, आणि संध्याकाळी त्यांची बोटे उघडता उघडत नाहीत. त्यांना व्यायामाची गरज नाही, विश्रांतीची आणि धार लावलेल्या कात्रीची आहे. पकडीवर लिहिणाऱ्याने हेही लिहिले पाहिजे.

हा विषय तरुणांच्या दंडापुरता नाही, हे गेल्या काही वर्षांत ठळक झाले आहे. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची पकड एका साध्या दाबयंत्राने मोजून चार वर्षे पाठपुरावा केला होता. पकड दर ५ किलोने कमी असेल तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला, आणि या बाबतीत रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा पकडीचा आकडा अधिक सांगून गेला. याचा अर्थ चिमटा दाबल्याने आयुष्य वाढते असा कोणी काढू नये. पकड हे तापमापकासारखे आहे, ताप उतरवायचा तर औषध वेगळे. मुठीत जोर असतो कारण सगळ्या शरीरात स्नायू असतो. आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये वयोमानाने स्नायू झिजल्याची शंका घेण्यासाठी सीमा ठरवली ती पुरुषांत २८ किलोखाली आणि स्त्रियांत १८ किलोखाली. १८ किलो म्हणजे घट्ट बसलेले लोणच्याच्या बरणीचे झाकण, एसटीचा दांडा, न्हाणीघरातली कडी.

पन्नाशीपुढच्या वाचकांनी, ज्यांत मीही आलो, थेट लटकू नये. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि श्वास न कोंडता करावे, कारण बराच वेळ आवळून धरले की रक्तदाब तेवढ्यापुरता चढतो. दाराच्या चौकटीत बसवलेली दांडी किंवा अंगणातली बळकट फांदी छातीच्या उंचीवर असावी. ती धरून टाचा जमिनीवर ठेवून थोडे मागे झुकावे आणि दहा आकडे मोजावेत. वजनाचा मोठा हिस्सा पायांवरच राहतो. जसजसे जमेल तसतसे पाय पुढे सरकवावेत. हरिहर किल्ल्याच्या उभ्या कातळपायऱ्यांच्या कडेला हाताची बोटे रुतवायला खोबण्या कोरल्या आहेत, तिथे चढणाऱ्याचेही वजन पायांवरच असते, हाताने फक्त तोल सांभाळायचा असतो. आणि झुकताना मांड्या आवळलेल्या ठेवाव्यात, अढीत ठेवतात तशा.